पाटी राहू द्या, दुधाची चिठ्ठी काढा

"जरा वाचून सांगता का? चष्मा घरीच राहिला बघा." हे वाक्य मी पंचवीस वर्षं वापरलं. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत. चष्मा माझ्याकडं कधी नव्हताच.

मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते. म्हशी आहेत. संध्याकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून दूध देते, उरलेलं दूध संस्थेत घालते. तोंडी हिशेबात मला कुणी फसवलेलं नाही. पाच गिऱ्हाइकं एकदम आली तरी कुणाचे किती सुटे परत द्यायचे ते चुकायचं नाही. पण कागद समोर आला की मी आंधळी.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं. म्हशी सोडून उंचावर नेल्या. पाणी उतरल्यावर पंचनामा झाला आणि मी कागदावर अंगठा दिला. जनावरं किती लिहिली, भिंत पडली ते लिहिलं का, काही कळलं नाही. घरात वाचणारा एकटा मुलगा आणि तो पुण्याला कामाला. आठ दिवसांनी तो आला, कागदाची प्रत वाचली. सगळं बरोबर होतं, एक अक्षर चुकलेलं नव्हतं. पण त्या आठ रात्री मला झोप लागली नव्हती, तीही बरोबर असलेल्या कागदापायी. त्या दिवाळीनंतर सून घरात आली, बारावी शिकलेली, आणि तिच्याकडून मी चव्वेचाळिसाव्या वर्षी वाचायला सुरुवात केली.

आता दुपारी दोन ते अडीच आमच्या सोप्यात चार बायका बसतात. त्यांना शिकवताना काय चाललं आणि काय फसलं ते लिहिते. घरात आई, सासू, आत्या कुणी न शिकलेलं असेल तर तुम्ही हे त्यांना वाचून दाखवा. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना हे अजून वाचता येणार नाही, एवढी अक्कल मला आहे.

आधी डोळे

पहिले दोन महिने मला ध आणि घ एकच दिसायचे. सून म्हणायची, "आत्ती, लक्ष कुठंय तुमचं?" मलाही वाटायचं, आपलं डोकंच जड. मग डोळ्यांच्या शिबिरात गेले तर जवळचा नंबर निघाला. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, पण आपण बारीक काही बघतच नसल्यानं ते कळत नाही. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारतो, तेवढंच. चष्मा लावला आणि ध-घ चार दिवसांत वेगळे झाले. पंचवीस वर्षं खोटा सांगितलेला चष्मा शेवटी खरा निघाला.

माझ्याकडं येणाऱ्या बाईला मी म्हणूनच पेन्सिल देत नाही, आधी डोळे दाखवून यायला सांगते. दोघीजणी तर मागं एकदा साक्षरता वर्गातून याच कारणानं उठून आल्या होत्या, आणि आपल्याला येत नाही असं धरून बसल्या होत्या.

अक्षरं नंतर, आकडे आधी

शाळेत अ-आ-इ पासून सुरू करतात. पोराला ते ठीक. आपण पोर नव्हे. आपल्याला पाढे नसले तरी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच तोंडात आहेत. समजा दूध ७२ रुपये लिटर. पावाचे १८, अर्ध्याचे ३६, पाऊणचे ५४, दिडाचे १०८. हे मी झोपेतही सांगीन. फक्त तोंडातला आकडा कागदावर कसा दिसतो ते माहीत नव्हतं. म्हणून सुरुवात तिथून करा, दोन आठवड्यांत हाताला काहीतरी लागतं आणि माणूस टिकतं.

शिकवणाऱ्यानं तीन खड्डे आधीच ओळखून ठेवावेत.

पहिला खड्डा मराठीचाच आहे. आपण म्हणतो त्रेचाळीस, म्हणजे आधी तीन, मग चाळीस. लिहायचं मात्र चार आधी. मी सरळ ३४ लिहायची. बरोबर ऐकलं तसं लिहिलं, चुकलं कुठं? सुनेनं युक्ती काढली: शब्दाची शेपटी आधी पकडायची. चाळीस ऐकू आलं की ४ लिहायचा, मग मागं येऊन तोंडाकडचा त्रे, म्हणजे ३. त्रेपन्नची शेपटी पन्नास, बासष्टची साठ. थोडे दिवस आम्ही "चाळीस तीन", "पन्नास तीन" असंच म्हणत होतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आलं तेव्हा लोकांनी केवढी थट्टा केली होती. पोरांचं मला माहीत नाही, पण माझ्यासारखीला ती शिडी फार कामाला आली. वर चढल्यावर शिडी काढून ठेवायची, त्रेचाळीस म्हणायचं.

यातच 'एकोण' येतो. एकोणसाठ ऐकलं की साठ म्हणून ६ लिहून मोकळं होतात आणि पुढं नऊ: ६९. एकोण म्हणजे एक उणा. साठ रुपये हातात घ्या, एक काढा, उरलेले मोजा. ५९. हे खऱ्या पैशांवरच करायचं.

दुसरा खड्डा: तीनशे पाच. जवळजवळ प्रत्येक बाई पहिल्यांदा ३००५ लिहिते, कारण तीनशे म्हणजे ३०० आणि पाच म्हणजे ५. बँकेच्या स्लिपवर हे झालं तर काय होईल विचार करा. यावर उपाय म्हणजे नोटा. जमिनीवर तीन घरं खडूनं आखा. डावीकडं शंभराच्या नोटा, मधे दहाच्या, उजवीकडं रुपयाची नाणी. तीनशे पाच मांडा. मधलं घर रिकामं राहतं ना? त्या रिकाम्या घराचं नाव शून्य. एका घरात एकच आकडा बसतो. आमच्यातल्या एका आज्जींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे शून्य हा घर राखायला बसलाय." मला कुठल्या पुस्तकात याहून बरं सापडलेलं नाही.

तिसरा: दोन प्रकारचे आकडे. फोन, चिठ्ठी, वीजबिल सगळीकडं इंग्रजी आकडे. पुस्तकात, पाटीवर मराठी. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा, ७ इंग्रजी सहाचा चुलतभाऊ. दोन्ही एकदम शिकलात की भाकरी जळते आणि पिठलंही उतू जातं. आधी फोनवरचे इंग्रजी शिका, कारण रोज तेच लागतात. ते पक्के झाले की महिन्याभरानं मराठी.

आता पॉइंट. मी संस्थेत एकदा मोठ्यानं भांडले. चिठ्ठी हातानं लिहिलेली होती. सकाळचं दूध ३.५, संध्याकाळचं ३.२५. पाचापेक्षा पंचवीस मोठे, मग संध्याकाळचे पैसे कमी का? लिहिणारा पोरगा समजावत होता, मी ऐकत नव्हते. चूक माझी होती. घरी येऊन सुनेनं विचारलं, "साडेतीन मोठं का सव्वातीन?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? "मग तेच लिहिलंय की." ३.५ म्हणजे साडेतीन, ३.२५ म्हणजे सव्वातीन, ३.७५ म्हणजे पावणेचार. ज्यांना आणे आठवतात त्यांनी पंचवीसला चार आणे म्हणावं, पन्नासला आठ आणे, पंच्याहत्तरला बारा आणे. चार आण्याचं नाणं जून २०११ ला चलनातून गेलं, पण आमच्या वर्गात अजून चालतं. ३.५ पुढं मनात एक शून्य लावून ३.५० वाचायचं, मग कुणाशी भांडण होत नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोराला मी कपभर चहा पाजला.

सराव कुठं करायचा? वही मला कधी जमली नाही. मी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहायची. तीन म्हशी, सकाळ-संध्याकाळ, किती लिटर. दहा दिवस झाले की बेरीज करायची आणि संस्थेच्या बिलाशी ताडून बघायची. चुकीचा सराव तिथं आपोआप सापडतो, कारण बिल खोटं बोलत नाही. आणि म्हशी हसत नाहीत, हाही एक फायदा.

तुमचं नाव उकला

अक्षरांची सुरुवात स्वतःच्या नावापासून करा. माझं नाव कमल. क, म, ल, एकही काना-मात्रा नाही. आईनं नाव ठेवताना एवढा विचार केला नसेल. या तीन अक्षरांना नुसता काना लावून बघा: काम, काल, माल, मका, मला, लाल, काका, मामा, कमाल. तीन अक्षरांत नऊ शब्द. माझं पहिलं वाक्य होतं 'काकाला मका'. म्हशींचा मका काकाला का द्यायचा ते विचारू नका, पण ते मी स्वतः वाचलं होतं.

शारदा असेल तर श, र, द मधून दार निघतं, दर निघतो, आणि दर हा शब्द आपल्याला रोज लागतो. सुमनमधून मन, मान, मासा, सामान. नावात जोडाक्षर असेल, लक्ष्मी वगैरे, तर नाव चित्रासारखं पाठ करा आणि अक्षरं नवऱ्याच्या किंवा म्हशीच्या नावातून घ्या. मग दर दोन दिवसांनी एकच नवं अक्षर. जुन्या अक्षरांत ते मिसळून किती शब्द होतात ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. यात कधी कधी अर्धा तास शिव्याच निघतात. निघू द्या, त्या नीट वाचल्या जातात.

सारखी दिसणारी अक्षरं ही मोठी अडचण. ध-घ, भ-म, थ-य. यांच्यासाठी एकच खूण पुरते. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडं तुटलेली असते आणि तिथं वेटोळं असतं. घ, म आणि य यांची रेघ सलग. दुधाचा ध म्हणजे झाकण अर्धं उघडलेली किटली. ब आणि व मध्ये मात्र पोटातली तिरकी रेघच बघायला लागते, तिथं चष्माच कामाला येतो.

र तर बहुरूपी. अर्ज, कर्ज यांत तो डोक्यावर चढतो. क्रमांक, प्रत यांत पायाशी तिरकी रेघ होतो. ट्रक, राष्ट्र यांत खाली टोपी उलटी ठेवल्यासारखा. आणि 'दुसऱ्या'मध्ये आडवी मिशी. नियम सांगत बसू नका. अर्ज, कर्ज, क्रमांक, ट्रक, दुसऱ्या हे पाच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून चुलीमागं चिकटवा. महिन्यात ओळखीचे होतात.

आणखी एक गोष्ट पुस्तकं सांगत नाहीत. आपण बोलतो एक आणि छापलेलं असतं दुसरं. आमच्याकडं बायका "मी जातो", "मी येतो" म्हणतात. पुस्तकात 'मी जाते'. आपण पानी म्हणतो, छापतात पाणी. हाय म्हणतो, छापतात आहे. मी अक्षर बरोबर वाचायची आणि मग तो शब्द आपलाच आहे हे ओळखू यायचं नाही. म्हणून लिहायला शिकताना पहिले काही महिने बोलता तसंच लिहा. न आणि ण वरून कुणाला टोकू देऊ नका. वाचायला हात बसला की लिहिणं हळूहळू पुस्तकी होतं. या मजकुरातले माझे 'जातो' सुनेनं 'जाते' केलेत, मी विरोध केला नाही.

थोडं जमायला लागलं की बाहेर पडा. महाद्वार रोडवर चाला आणि पाट्या वाचा. तेच ते शब्द येतात: साडी, भांडी, ज्वेलर्स, किराणा. तोच शब्द दहा दुकानांवर दहा वळणांनी लिहिलेला असतो, त्यानं अक्षर पक्कं होतं. केएमटी बसवरची पळती अक्षरं इतक्यात नकोत, उभी गाडी, रंगवलेली पाटी बरी. घरी पेंडीचं पोतं, औषधाची बाटली, लग्नपत्रिका. पेपरातलं फक्त मोठं मथळ्याचं अक्षर. नव्या नोटेच्या मागं डावीकडं पंधरा भाषांची बारीक पट्टी असते, तिच्यात आठवी ओळ आपली मराठी. शंभराच्या आणि पाचशेच्या नोटेवर ती शोधायचा खेळ पोरांबरोबर लावा, तुम्हाला सापडली की पोरं गप्प बसतात.

सही, बँक, फोन

सगळ्यांना आधी सही हवी असते. शिका, दोन दिवसांचं काम आहे. पण सहीवर थांबू नका. सही येणारी आणि न वाचणारी बाई अंगठेवालीपेक्षा जास्त अडचणीत येते, कारण समोरचा धरून चालतो की हिनं वाचूनच सही केलीय. बँकेत अंगठ्याचं खातं असेल तर सही बदलून घ्यायला अर्ज द्यावा लागतो, नाहीतर सही येऊनही अंगठाच द्यावा लागतो. तो अर्ज स्वतः भरा. नाव, खाते क्रमांक, रक्कम, दिनांक, सही. माझ्या तीन स्लिपा फाटल्या, चौथी चालली.

फोनवर बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात. पूर्ण इंग्रजी कशाला, क्रेडिट आणि डेबिट हे दोन शब्द चित्रासारखे ओळखा. एक आले, एक गेले. कट्ट्यावर आता निम्मी गिऱ्हाइकं फोननं पैसे देतात, आणि एक गोष्ट न वाचताही पाठ असावी: पैसे घेताना पिन कधी लागत नाही. घेण्यासाठी पिन टाका म्हणणारा चोर आहे.

फोनचा दुसरा उपयोग मला उशिरा कळला. मराठी कीबोर्डवर माइकचं चित्र असतं. ते दाबून बोलायचं, अक्षरं उमटतात. आपणच बोललेलं असतं म्हणून वाचायला सोपं जातं आणि फोनचं चुकलं की लगेच कळतं. मी "वैरण" म्हटलं तर त्यानं भलतंच काही लिहिलं होतं. ती चूक मी पकडली, त्या दिवशी मी मनात पेढे वाटले. हे सगळंही अर्धं बोलून, अर्धं बोटानं लिहिलंय.

शिकवायला कोण हवं

नातवंड चांगलं, सून चांगली, शेजारची कॉलेजची पोरगी उत्तम. स्वतःचा मुलगा नको, त्याला घाई असते आणि तो पेन्सिल हातातून काढून घेतो. शिकवणाऱ्यासाठी एकच अट: पेन्सिल हिसकायची नाही. आमचे मालकही माझ्याबरोबर बसले होते. चार दिवसांत मी पुढं गेले, पाचव्या दिवशी त्यांना गोठ्यात काम निघालं. एकाच वहीत नवरा-बायकोनं शिकू नये.

वेळ थोडा, पण रोज. वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून काही होत नाही, सोमवारपर्यंत सगळं धारेबरोबर वाहून जातं. मला वाचायला लागायला सात-आठ महिने गेले. कुणाला चार लागतील, कुणाला दोन वर्षं.

घरात कुणीच नसेल तर सरकारचा उल्लास कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७ असा, पंधरा वर्षांवरच्या कुणालाही. जवळच्या शाळेत जाऊन नाव नोंदवायचं, स्वयंसेवक शिकवतो. शेवटी १५० गुणांची चाचणी: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. पास व्हायला ३३ टक्के. मार्च २०२४ मध्ये मी महापालिकेच्या शाळेत ती दिली, मला येत असताना हौसेनं. छोट्या बाकावर बसायला गुडघे दुखले. १९१७ साली शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड होता. माझ्या वेळेपर्यंत तो दंड कुणी मागत नव्हतं. वडिलांनी मला म्हशीमागं धाडलं आणि त्यांचा रुपया वाचला.

सध्या आमच्या सोप्यात भागाकार चालू आहे. वाटणी तोंडी येते. अकराशे रुपये चौघीत वाटा म्हटलं तर पावणेतीनशे असं क्षणात सांगतो. पण कागदावर तो कंस काढला, आत ११०० आणि बाहेर ४ लिहिला, की चौघींची तोंडं बंद होतात. आकडा कुठल्या घरापासून धरायचा तेच कळत नाही. नोटा मांडून बघतोय. शंभराच्या अकरा नोटा चौघीत दोन-दोन गेल्या, तीन उरल्या, त्या मोडून दहाच्या करायच्या. तिथपर्यंत आलोय. आमच्यातल्या शारदाला वाटतं मोडायच्या आधीच चूक होते, मला वाटतं मोडल्यावर. उद्या दोन वाजता बघू.